कासममिस्त्रींनी काढलेला व्हॉल्व

बोटीतून नवी कोरी गाडी उतरली, की कासममिस्त्री सगळ्यात आधी तिच्यातला एक भाग काढून टाकायचे. मुठीत मावेल एवढा पितळेचा व्हॉल्व, विलायतेतल्या कारखान्यानं हौसेनं बसवलेला. गाडी अजून गिऱ्हाइकानं पाहिलेलीही नसायची, आणि हे गृहस्थ बॉनेट उघडून पाना लावून उभे! मी दुबईत नवा होतो तेव्हा हे पाहून धावत त्यांच्यापाशी गेलो. मी कंपनीचा स्टोअरकीपर. गाडीतला एक स्क्रू हरवला तरी जाब मला विचारला जाणार होता.

"मिस्त्री, अहो हे काय करताय? सुट्या भागांच्या यादीत आहे तो," मी म्हणालो.

"मास्तर, ह्यो व्हॉल्व थंड मुलखासाठी. तिकडं इंजिन तापाला येळ लागतो, म्हनून ह्यो पानी अडवून धरतो. हितं काय अडवायचा? हितं सूर्य बसलाय तापवाला." मग त्यांनी तो व्हॉल्व बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला. डब्यात असे तीसेक तरी असतील. "आणि हितलं विहिरीचं पानी खारा. आत मीठ बसतं, ह्यो चिकटतो, न् गाडी वाळवंटात उकळते. एकदा उकळली का खलास."

पेन हातात धरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता, म्हणून मीही मास्तर. मिस्त्री जयगडच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. उर्दू चौथी झालेले. तरुणपणी मालवाहू लाँचवर इंजिन सांभाळायचे, ती लाँच एकदा दुबईच्या खाडीत दुरुस्तीला लागली, आणि मिस्त्री इथेच राहिले. तेव्हा अमिरात हे नाव नव्हतं. दुबई, शारजा अशी वेगवेगळ्या शेखांची गावं होती, दोन्हींच्या मध्ये मिठागरासारखी पांढरी जमीन होती आणि तिच्यावरून जिला वाटेल ती वाट धरून गाड्या जायच्या. आजच्या शारजाच्या रस्त्यावर दोन दोन तास अडकून पडणारी माझी नातवंडं हे ऐकून "रिअली, आजोबा?" म्हणतात आणि पुन्हा फोनमध्ये तोंड घालतात.

मिस्त्री गाडी डोळ्यांनी तपासत नसत. हातभर लांबीची सागाची काठी होती त्यांच्याकडे. तिचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. आम्ही बोलत असलो तर हात वर करून गप्प बसवायचे. "गाडी बोलते, आपुन आयकाला पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालक मंडळी गाडी आणून तिचं दुखणं सविस्तर सांगू लागली, की ते मला हळूच म्हणायचे, "मास्तर, ह्याला चा पाजा. त्याची बायको मी बघतोय, तो मधी कशाला बोलतो?" एरवी मात्र तोंडातून शब्द काढायला यांना पैसे पडतात की काय, असं वाटायचं.

बायको म्हणताच त्यांच्या घरचं सांगायला हवं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यांतले सगळे मिळून चौदा महिने ते हवाबीबरोबर राहिले होते. दर तीन वर्षांनी आगबोटीनं जायचे, तीन-चार महिने राहून परत यायचे. मूल झालं नाही. आमच्यासारख्या कामगारांना कुटुंब आणायचं तर कंपनीचं पत्र लागे आणि राहायला स्वतंत्र खोली लागे, आणि या दोन्ही गोष्टी आमच्या इंग्रज मॅनेजरच्या हातात होत्या. मिस्त्रींनी कधी मागणी केली नाही. पण वर्कशॉपच्या मागची सामानाची खोली त्यांनी एका शुक्रवारी रिकामी करून तिला चुना लावला, आणि मी विचारलं तर म्हणाले, "उंदीर झालं होतं." उंदरांसाठी कुणी खिडकीला पडदा लावत नाही, हे न कळण्याइतका मी काही दुधखुळा नव्हतो.

त्याच हिवाळ्यात शर्यतीची टूम निघाली. शारजाच्या विमानतळावरचे गोरे अधिकारी आणि दुबईतल्या कंपन्यांचे साहेब यांना करमत नव्हतं, दुसरं काय! विमानतळाच्या बाहेरून जाणारा रस्ता, पुढे एक वळसा, मग मिठागराची जमीन आणि परत रस्ता, असा साधारण तीन मैलांचा फेरा त्यांनी आखला. वळणावळणाला चुना फासलेली तेलाची पिंपं ठेवली. दहा फेरे. शर्यतीच्या खास गाड्या तिथे कुणाकडे असणार? म्हणून नियम केला, की गाडी साधी घरगुती पाहिजे, कारखान्यातून जशी आली तशी. काही काढायचं नाही, काही घालायचं नाही. आमच्या साहेबानं नाव दिलं. कंपनीची गाडी जिंकली तर वर्षभर विक्रीची चिंता नाही, असा त्याचा हिशेब. गाडी तोच चालवणार होता.

वर्कशॉपमध्ये साहेब स्वतः आला, मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "याला सांग, गाडी जिंकली तर याच्या बायकोच्या पत्रावर मी सही करीन. ती मागची खोलीही याची." म्हणजे चुन्याचं गुपित साहेबालाही माहीत होतं. मी भाषांतर करून सांगितलं. मिस्त्रींनी हातातलं फडकं चार वेळा घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या एका फिटरनं त्यांना सुचवलं, की कार्ब्युरेटरमध्ये जरा करामत केली तर गाडी वाऱ्यासारखी पळेल आणि बापजन्मी कुणाला कळणार नाही. मिस्त्रींनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "शर्यत गाडीची हाय, कासमची नाय," एवढंच म्हणाले. आठ दिवस त्यांनी त्या गाडीचा फक्त प्रत्येक नट आवळला, तेल बदललं आणि काठी लावून ऐकलं.

आदल्या दिवशी शर्यतवाल्यांचा एक इंग्रजी कागद आला, त्यावर मिस्त्रीची सही पाहिजे म्हणून. मी तो भरला. जेवणाची सुट्टी होत आली होती, मला भूक लागली होती, आणि मी त्यांना एका वाक्यात सांगून टाकलं, "गाडी जशी आली तशीच आहे, असं लिहिलंय. सही करा."

"तशीच हाय. मी काय लावला नाय तिला," ते म्हणाले आणि उर्दूत सही केली.

हे आम्ही दोघेही अगदी खऱ्या मनानं बोललो. आमच्या वर्कशॉपमध्ये नवी गाडी म्हणजे व्हॉल्व काढलेली गाडी. बाळाची नाळ कापली म्हणून बाळातलं काही कमी केलं, असं कुणाच्या मनात येतं का? तसंच ते.

शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर शर्यत सुरू झाली. अकरा गाड्या होत्या. लोक ट्रकच्या टपांवर चढून बसले होते. मिस्त्री मात्र शर्यतीकडे पाठ करून उभे राहिले. मला चीड आली. "अहो, बघा तरी!" मी म्हणालो.

"बघून काय कळनार? धूळ." आणि डोळे मिटून ते अकरा इंजिनांतून आपलं एक ऐकत राहिले. "आली... तिसऱ्यात टाकली... मास्तर, साहेब क्लच जाळतोय." मी वळून पाहायचो तर खरोखरच आमची हिरवी गाडी पिंपाला वळसा घालत असायची.

सातव्या फेऱ्यापर्यंत मिठागराची जमीन कुटून कुटून पिठासारखी झाली. गाड्या त्यात रुतत, घुरघुरत, आणि रस्त्यावर येईतो त्यांच्या बॉनेटमधून वाफ निघू लागे. एक थांबली. मग दुसरी. सगळ्यांच्या पुढे असलेली विमानतळवाल्यांची गाडी नवव्या फेऱ्यात अशी उकळली, की चालवणारा तोंड झाकून बाहेर पळाला. कशीबशी ती पुन्हा सुरू होईपर्यंत आमची गाडी पुढे गेली होती. आमची उकळली नाही. शेवटची रेघ ओलांडून साहेब उतरला, धुळीनं माखलेला, आणि सगळ्यांच्या देखत त्यानं मिस्त्रींचा हात हातात घेतला. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तर ट्रकवरच्या अनोळखी माणसांना मिठ्या मारत होतो.

शनिवारी सकाळी मी हवाबीचं पत्र टाइप करून साहेबाच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग त्या शर्यतीच्या कागदाची कार्बन प्रत फाइलला लावत होतो, तेवढ्यात मिस्त्री स्टोअरमध्ये आले. खुशीत होते. "काय लिवलंय त्यात? वाचा तरी. गावाला लिवीन म्हनतो," म्हणाले. मीही चढ्या आवाजात एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागलो. चौथ्या ओळीत होतं, की कारखान्यातून निघाल्यापासून या गाडीतला कोणताही भाग काढलेला नाही.

ते वाचताना माझी जीभ अडखळली. मिस्त्रींनी पुन्हा वाचायला लावलं. मग ते फळीपाशी गेले, बिस्किटांचा डबा काढला आणि अगदी वरचा व्हॉल्व उचलला.

"मिस्त्री, थांबा," मी दार अडवून उभा राहिलो. "आपण मुद्दाम केलं का? सवयीनं झालं. आणि सांगायचंच असेल तर दोन दिवसांनी सांगा. पत्रावर सही होऊ द्या."

"सही झाली न् हवा आली, तर मी तिला काय सांगू, कशी आलीस?"

"काही सांगू नका! कोण विचारतंय?"

"मास्तर, सरका," ते म्हणाले. मी सरकलो.

साहेबाच्या केबिनमध्ये मलाच दुभाष्या म्हणून जावं लागलं. मिस्त्री हिंदीत बोलले, सावकाश, एकेक शब्द जपून: साहेब, गाडीतला व्हॉल्व मी काढला होता, म्हणून ती उकळली नाही, कागदावरची माझी सही खोटी आहे. साहेब माझ्याकडे पाहू लागला. आणि मी, आयुष्यभर स्वतःला सरळ माणूस समजणारा मी, इंग्रजीत म्हणालो, "हा चार दिवसांची रजा मागतोय."

साहेब हसला. "चार काय, आठ घे म्हणावं!"

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं. मग त्यांनी मुठीतला व्हॉल्व साहेबाच्या टेबलावर ठेवला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "युअर कार. दिस नो इनसाइड. आय टेक आउट."

साहेबाचं हसू गेलं. त्यानं तो व्हॉल्व उचलून उलटसुलट करून पाहिला. मग मला विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? मी म्हणालो, आपण तिघेच. तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. शेवटी टोपी घेतली, व्हॉल्व खिशात टाकला आणि गाडी काढून शारजाला जाऊन शर्यतवाल्यांना खरं काय ते सांगून आला. त्याचं हे ऋण मी मानतो. शर्यतीचा कप विमानतळवाल्यांना गेला. क्लबात आमच्या साहेबाची पुढे कित्येक महिने टिंगल होत राहिली.

पत्रावर मात्र सही झाली नाही. साहेबानं मिस्त्रींना एका शब्दानं दुखवलं नाही, पण ते पत्र ट्रेच्या तळाशी जात राहिलं. मी दोनदा ते वर काढून ठेवलं. तिसऱ्यांदा पाहिलं तर ट्रेमध्ये नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात हवाबी आठ दिवसांच्या तापात गेली. बातमीचं पत्र पोचलं तेव्हा तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. मिस्त्रींनी पत्र वाचलं, घडी केली, आणि उघडं ठेवलेलं इंजिन पूर्ण जोडून मगच ते बाहेर गेले. मला स्वतःची लाज वाटत होती, साहेबाचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही येत होता. दोन दिवस, मिस्त्री, फक्त दोन दिवस थांबला असतात! हे मी त्यांना कधी बोललो नाही. तेही त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधी बोलले नाहीत. काम, चहा, नमस्कार-सलाम सगळं पूर्वीसारखं चालू होतं, पण सहीचा कागद आला की ते मला प्रत्येक ओळ वाचायला लावत आणि तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे रोखून बघत.

तीन वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. आगबोट दूर समुद्रात उभी राहायची आणि माणसं खाडीतून मचव्यानं तिथवर जायची. मी धक्क्यावर पोचवायला गेलो. ट्रंक मचव्यात चढली. मिस्त्री चढले नाहीत.

"मास्तर, तुमची एक अमानत माझ्याकडं हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी साहेबाला रजा म्हनून सांगितलात. मना कळला होता. मी गावाला हवाला लिवला, मास्तर तुझ्यासाठी खोटं बोलला. हवाचं उलट पत्र आला. तिनं लिवला, मास्तरांना माझा सलाम सांगा."

मी मचवेवाल्याला हातानं थांबायची खूण केली.

"मी नाय सांगितला. राग होता तुमच्यावर. म्हनलो, नंतर सांगू. मग ती गेली, न् मना लाज वाटली. सलाम अमानत असते, मास्तर, ज्याचा त्याला पोचवायचा. साहेबाचा व्हॉल्व मी एका दिवसात परत केला. न् माझ्या बायकोचा सलाम चार वर्सं दाबून ठेवला." त्यांनी माझा दंड धरला. "तर आता घ्या. हवाचा तुमाला सलाम."

मला माहीत होतं तेवढं मी म्हणालो, "वालेकुम सलाम."

"असं नाय," मिस्त्री म्हणाले. "आनलेला सलाम असला का जिनं धाडला तिला पन म्हनायचा, न् ज्यानं आनला त्याला पन." मग धक्क्यावर उभे राहून त्यांनी ते अरबी शब्द मला एकेक करून सांगितले. खालून मचवेवाला "यल्ला, यल्ला" ओरडत घाई करत होता. मी त्यांच्या मागोमाग प्रत्येक शब्द म्हणालो, आधी हवाबीला आणि मग त्यांना.