मशिदीच्या निवडणुकीतला परका अधिकारी

आमच्या अंबरपेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी शिलाईचं दुकान असलेले मास्तर एका सकाळी घरी आले. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "साब, सदर साब मलगी दे दिए, बस उसी पे झगडा हो गया."

मी 'मुलगी' ऐकलं. मशिदीच्या अध्यक्षांनी मुलगी दिली, म्हणजे सोयरिकीचं काही बिनसलं असणार. मी गंभीर होऊन विचारलं, "लडकी राजी थी क्या?"

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले की बशीत चहा सांडला. दुकानाच्या गाळ्याला हैदराबादेत मलगी म्हणतात, हे इतकी वर्षं इथं राहूनही मला ऐनवेळी आठवलं नव्हतं. मशिदीच्या खालचा रिकामा गाळा सदरांनी कुणालाही न विचारता आपल्या ओळखीच्या माणसाला दिला होता. त्यावरून मोहल्ल्यात दोन तट पडले आणि आता नव्या कमिटीची निवडणूक घ्यायची ठरली होती.

"मग माझ्याकडे काय काम?"

"आप एलेक्शन ड्यूट्या करे सो आदमी. हमारे में से कोई बैठा तो दूसरे बोलते, ये उनका आदमी है. आपकू कोई नहीं बोलता."

मी सरकारी ज्युनिअर कॉलेजात शिकवून निवृत्त झालेला, मूळचा परभणीचा, धर्मानं बौद्ध. निवडणुकीच्या ड्यूट्या पुष्कळ केल्या होत्या, पण त्या शाळेच्या वर्गांत. मशिदीत मतदान घ्यायचं म्हणजे आधी तिथली व्यवस्था समजून घ्यायला हवी, म्हणून मी मास्तरांना विचारलं, "तुमच्यात मुख्य कोण?"

त्यांनी सांगितलं ते असं. बैठक सदर चालवतात. पत्रव्यवहार मोतमद बघतो, म्हणजे आपला सेक्रेटरी. पैसा खजिनदाराकडे. ज्यांच्या आजोबांनी मशिदीला जमीन दिली त्या घरातले मुतवल्ली, म्हणजे मशिदीच्या मालमत्तेचे विश्वस्त, ते वेगळेच. ते बरकतपुऱ्यात राहतात. इमामसाहेब नमाज पढवतात, पण त्यांना पगार कमिटी देते आणि मनात आलं तर काढूही शकते.

"म्हणजे लोक ऐकतात कुणाचं?"

मास्तर बोटं मोजत म्हणाले, "अल्लाह का डर इमाम साब बताते. नल बिगडा तो सदर साब. दीवार सरकाना है तो मुतवल्ली साब." आणि मग कप खाली ठेवून, "वैसा सुने तो कोई किसी की नहीं सुनता."

मी हो म्हणालो. बायको म्हणाली, "तुम्हाला त्यातलं काही कळलंय का?" नव्हतंच कळलं.

रविवारी दुपारची नमाज झाल्यावर मशिदीच्या वरच्या हॉलमध्ये सगळे जमले. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. बाकी सगळे चटईवर, म्हणून मीही खाली बसलो. तर चारजणांनी ओढून मला पुन्हा खुर्चीवर बसवलं. एका बाजूला म्हातारे सदर, भिंतीला टेकून, डोळे मिटलेले. दुसऱ्या बाजूला त्यांच्या विरोधात उभा राहिलेला इंजिनिअर, नुकताच सौदीहून परतलेला, तरतरीत.

मी विचारलं, "मतदार कोण?"

हा प्रश्न विचारला आणि माझा अंमल संपला. एकजण म्हणाला, मोहल्ल्यात राहतात ते. दुसरा म्हणाला, इथं नमाज पढतात ते. विद्यानगरला राहायला गेलेला एकजण उठून ओरडला, "पैदा इधर हुआ मैं! हर जुम्मा इधरिच आता!" भाडेकरूंचं काय, यावर घरमालक आणि भाडेकरू दोन्हीकडून बोलायला लागले. मी शाळामास्तरी आवाजात म्हणालो, "और औरतां?"

मागून कुणीतरी हसलं. इमामसाहेब तोवर कोपऱ्यात गप्प बसले होते. ते हळूच म्हणाले, "सवाल तो सही है." पण त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची अजान झाली. सगळे उठले आणि खाली गेले. भांडणारेही एकमेकांना वाट देत जिना उतरले. मी वर एकटाच राहिलो, कोऱ्या चिठ्ठ्या आणि रिकामा डबा घेऊन.

ते परत आले तेव्हा इंजिनिअरनं सदरांना कोपराला धरून वर आणलं होतं. त्याचे डोळे लाल होते. मोतमद म्हणाले, "साब, हो गया. सदर साब ही रहेंगे. ये नायब सदर. मलगी का फैसला दोनों मिल के करेंगे. आपकू तकलीफ दिए."

"पण मतदान?"

"जरूरत नहीं पडी."

कुणीतरी माझ्या हातात खजुराची बशी दिली. इतका वेळ ओरडणारा विद्यानगरवाला माझ्या शेजारीच बसून खजूर खात होता. मी मास्तरांना विचारलं, खाली काय झालं? "कुछ नहीं साब. नमाज पढे. बाद में सदर साब उसका हाथ पकड के कान में कुछ बोले." काय बोलले? "पता नहीं." इमामसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "मैं तो नमाज पढाया." पुढं एकदा इंजिनिअर किराणा दुकानात भेटला. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "अंकल, छोडो ना वो," आणि विषय बदलला.

मला बरं वाटायला हवं होतं. भांडण मिटलं होतं. पण मी कित्येक दिवस चिडचिडा झालो. आमच्या विहाराच्या कमिटीत अध्यक्षपदासाठी रीतसर मतदान झालं होतं. बायकांनीही मतं दिली, एकही चूक झाली नाही, आणि त्यानंतर आमच्या दोन जयंत्या निघायला लागल्या. इथं काहीच रीतसर झालं नाही आणि सगळे एका बशीतले खजूर खात होते. मग वाटायचं, भाडेकरूंचं काय झालं? बायकांचं? त्यांना तर कुणी कानातही काही सांगितलं नव्हतं. नेमकं बरोबर काय, हे एकदा या बाजूनं पटायचं, एकदा त्या.

परवा मास्तरांकडे पँट द्यायला गेलो होतो. त्यांची बायको आत काजं करत बसली होती. मी तिला म्हणालो, "भाभी, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही कुणाला मत दिलं असतं?"

ती मास्तरांकडे बघून म्हणाली, "इनकू तो नहीं देती."

मास्तर उभेच नव्हते निवडणुकीला. पण ते माझी कंबर मोजत राहिले.