शेजाराची किल्ली

इस्त्रीवाल्या मावशींच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत. त्यांचा खोकला मला ऐकू यायचा, माझ्या कुकरची शिटी त्यांना. तरी गिऱ्हाइकांना त्या सांगायच्या, "ह्या पलीकडच्या बाई." आणि दोन गल्ल्या सोडून राहणारे घड्याळजी मात्र "आमचे शेजारी"! मी इथे नवी, एकटी. मला ते फार लागलं, आणि कुतूहलही स्वस्थ बसू देईना.

एकदा विचारलंच, "मावशी, शेजारी म्हणजे कोण हो?"

झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने मावशींनी सदऱ्यावर पाणी शिंपडलं. "भिंतीला भिंत लागली म्हणून शेजार होत नाही. तसं असतं तर पालच माझी सख्खी शेजारीण! ज्याच्या हाती आपली किल्ली सोपवली, तो शेजारी."

खोलीतच त्यांचं दुकान. टेबलामागे खिळ्यांवर गल्लीभरच्या किल्ल्या होत्या. मीही माझी जादा किल्ली नेऊन दिली. त्यांनी ती टांगली, आणि संध्याकाळी पुन्हा आपलं "पलीकडच्या बाई"! मी फणकारले.

"अहो, तुमची शेजारीण मी झाले," मावशी हसल्या. "तुम्ही माझ्या कुठे झालात?"

त्यांची किल्ली घड्याळजींकडे असायची. मावशींचा एकटा जीव. मागे तापाने बेशुद्ध पडल्या, तेव्हा दुकान बंद दिसलं म्हणून घड्याळजीच त्या किल्लीने दार उघडून आत शिरले होते. अशी किल्ली मागून मिळत नसते, एवढं मला कळलं.

पुढे घड्याळजी लेकीकडे कायमचे राहायला गेले. जाताना किल्ली परत देऊन गेले. त्या दिवशी मावशींनी कुणाची तरी कॉलर करपवली. आता यांच्या दाराकडे कोण बघणार? खोकला ऐकू आला नाही की मी भिंतीला कान लावायची.

एका सकाळी मावशी दारात उभ्या. मुठीत किल्ली.

"ठेवा. कधी दुकान उघडलं नाही तर..."

"तर?"

"तर हाका मारत बसू नका. सरळ आत या."

मी हात पुढे केला. किल्ली टांगायला घरात कुठे खिळा ठोकलेला नव्हता. मधल्या भिंतीत एक ठोकायला घेतला, तोच पलीकडून आवाज आला,

"अगं शेजारणी, हळू ठोक! इकडे माझे डबे पडतायत!"