पडद्यावर नाव यायचं तेव्हा

संध्याकाळी आम्ही चौघं पांढुर्ण्यात चहाच्या टपरीवर बसतो. समोर आता मोबाईलची दुकानं आहेत, पण आम्हाला अजून तिथं टॉकीजच दिसते. एकानं किस्सा काढला की दुसऱ्याला राहवत नाही. संत्रं सोलायला घेतल्यावर एका फोडीवर कोण थांबतो? तसंच आहे हे. फरक एवढाच, की बाकी तिघांच्या किश्श्यांत ते स्वतः हिरो असतात. मी आपला पब्लिकमध्ये!

आधी आमच्या टॉकीजची पद्धत सांगतो, नाहीतर माझं दुःख कळायचं नाही. तेव्हा मोबाईल नव्हते. सिनेमा चालू असताना कोणाला बोलवायचं असलं, तर ऑपरेटर बबनराव काचेच्या तुकड्यावर काजळी धरायचे, काडीनं त्यात नाव कोरायचे आणि काच उजेडासमोर धरायचे. हिरोच्या अंगावर अक्षरं उमटायची, 'अमुक तमुक, बाहेर या'. काम झालं की ओल्या फडक्यानं काच साफ, पुढच्या माणसासाठी तयार. अख्खी टॉकीज माना वळवून बघायची, कोण उठतो ते. आणि तो माणूस असा रुबाबात निघायचा, जसं काही राजधानीतून, भोपाळहून बोलावणं आलं!

माझ्या तिन्ही मित्रांची नावं त्या पडद्यावर आली. माझं नाही. मी जळायचो, सरळ सांगतो.

*

आमच्यातल्या डॉक्टरचं नाव तर प्रत्येक सिनेमात यायचं. लोक म्हणायचे, "बिचाऱ्याले एक पिक्चर पूरा पाहू देत नाही पेशंट!" दवाखान्यात रांग लागायला लागली. आतली गोष्ट अशी, की डॉक्टर घरून निघतानाच कंपाउंडरला सांगून ठेवायचा, "इंटरवल झाला का बोलाव मले."

हे बाजारपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरला कळलं. त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि त्यावर औषध म्हणून त्यानंही आपल्या कंपाउंडरला तेच शिकवलं.

एका रविवारी दोघं एकाच शोला आले. एकाच काचेवर दोघांची नावं! दोघंही धावत बाहेर. लोकांना वाटलं, गावात मोठा अपघात झाला. अर्धी टॉकीज त्यांच्यामागे धावली. बाहेर बघतात तर दोन कंपाउंडर एका प्लेटमध्ये भजी खात उभे!

*

प्रकाश संत्र्याचा दलाल. त्याच्यासाठी यायचं, 'प्रकाशभाऊ, गाडी आली.' संत्र्याच्या दिवसांत गाडी येते, मान्य. पण या पठ्ठ्याचं नाव भर पावसाळ्यात झळकलं. झाडावर हिरव्या गोट्या आणि पडद्यावर 'गाडी आली'!

दुसऱ्या दिवशी मी त्याला टपरीवर गाठलं. "काऊन बे, कोणता माल आलता?"

"माल कुठून येईन आता?" प्रकाश शांतपणे म्हणाला. "रिकामी गाडी आली होती. गाडी नाही का ते?"

*

वामनचं मात्र वेगळं. त्याचा हेवा करायलाही लाज वाटायची, तरी मी केला. वामन नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर. एकदा त्याची ड्युटी नव्हती, ज्याची होती तो लोधीखेड्याच्या लग्नात अडकला. पडद्यावर आलं, 'वामनराव, नळ सोडा.'

वामन उठला. त्याच्यामागे लेडीजचा अख्खा भाग उठला! नळ येणार म्हटल्यावर कोणती बाई बसून राहील? हिरोइन पडद्यावर रडत होती आणि तिच्यासाठी रडायला टॉकीजमध्ये एकही बाई उरली नव्हती.

घरी आल्यावर मी बायकोला, शोभाला म्हटलं, "पाहा, गावाचं पान हलत नाही वामनशिवाय."

ती पाण्याचा गुंड भरता भरता म्हणाली, "मग तुम्हीही सोडत जा ना काही!"

मी मास्तर. मी काय सोडणार? शाळा! आणि ती सुटल्यावर कोणी परत बोलवत नाही.

*

शोभाचं माहेर सौसर. तिथल्या टॉकीजला म्हणे कूलर होता. सिनेमा आधी तिथं लागायचा, मग आमच्याकडे यायचा. माझा साळा दर वेळी शेवट सांगून टाकायचा, "पाहूनच घ्या भाऊजी, पण हिरो मरते!" हेही मी सहन केलं.

एका उन्हाळ्यात आम्ही सौसरला गेलो होतो. साळ्याला माझं दुःख कळलं. म्हणाला, "टेन्शन नोका घेऊ, आपली ओळख आहे ऑपरेटरशी." मी नवीन शर्ट घालून कूलरसमोर बसलो. इंटरवलनंतर पडद्यावर आलं, 'पांढुर्ण्याचे जावई, बाहेर या.'

मी उठलो. पुढचा उठला. मागचा उठला. भिंतीजवळचे दोघं उठले. सौसरनं पांढुर्ण्याला किती पोरी दिल्या आहेत, ते मला त्या दिवशी कळलं! दारात आमची चेंगराचेंगरी झाली.

साळा म्हणाला, "मानानं जावई म्हटलं भाऊजी. जावयाचं नाव कसं घ्यावं?"

*

मग घरोघरी टीव्ही आले, टॉकीजमध्ये उंदीर जास्त आणि माणसं कमी झाली. शेवटी पाटी लागली, 'रविवारी आखरी खेळ.' लोकांना टॉकीज जाण्याचं दुःख होतं. मला माझं नाव राहून जाण्याचं.

या वेळी मी कोणाच्या भरवशावर राहिलो नाही. स्वतः बबनरावांना गाठलं. "बबनराव, आज तरी. पूर्ण नाव पायजे. मधुकर मास्तर."

"बसा गुर्जी निवांत," ते म्हणाले. "इंटरवल झाला का टाकतो."

त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शोभा लेडीजमध्ये, मी प्रकाश, वामन आणि डॉक्टरच्या मधोमध. इंटरवल झाला. गाणं झालं. मारामारी झाली. नाव नाही! विसरले की काय? सिनेमा संपला तर टॉकीजच संपणार होती. माझा धीर सुटला. अंधारात लोकांचे पाय तुडवत बाहेर पडलो, जिना चढून केबिनपाशी गेलो आणि दार वाजवलं. मशीनची घरघर. पुन्हा वाजवलं.

आतून बबनराव ओरडले, "कोन आहे तो? थांब जरा! हातात काच आहे!"

मी थांबलो. खालून टाळ्या ऐकू आल्या, शिट्ट्या ऐकू आल्या. हिरोनं व्हिलनला धरलं असेल, असं वाटलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. बबनरावांच्या हातात काळं झालेलं ओलं फडकं होतं.

"अरे बाप्पा! गुर्जी, तुम्ही इथं?"

खाली आलो तर प्रकाश पोट धरून हसत होता. "मास्तर, नाव यायच्या आधीच बाहेर गेलेला तू पहिला माणूस बे!"

घरी जाताना शोभा आपल्याच नादात चालत होती. म्हणाली, "अहो, काय दिसत होतं तुमचं नाव! बराबर हिरोच्या छातीवर. सगळ्या बाया माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या."

मला तिचाही हेवा वाटला. मी विचारलं, "किती वेळ होतं?"

"लय वेळ!" शोभा म्हणाली. "तुम्ही उठूनच नाही राहिले, म्हणून बबनरावांनी काढलंच नाही!"