एकतीस अक्षरांची बुरशी

साहेबांनी साडेदहाला सर्व्हरवरची अडगळ काढायला घेतली आणि पावणेअकराला मावशींचं आख्खं फोल्डर पुसून टाकलं. चुकून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण त्या फोल्डरवर त्यांचा तीन महिने डोळा होता.

साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे संगणकतज्ज्ञ. दोन पदव्या, दोन्ही फ्रेममध्ये. मावशी मूळच्या टायपिस्ट. तरी कुणाचं काही अडलं की माणूस साहेबांच्या टेबलावरून सरळ पुढे जायचा. "मावशी, बघता का जरा?" हे कानावर आलं की साहेबांचा चहा कडू व्हायचा.

त्यात पुसला गेला तो जिनोम जुळवणारा प्रोग्रॅम. यंत्रातून बुरशीच्या डीएनएचे लाखो तुकडे येतात, ते सांधून हा सलग करतो. तो आयता मिळत नाही. मूळ कोड आणून आपल्या मशीनवर बांधावा, म्हणजे कंपाइल करावा लागतो. मावशींनी तो बांधला होता. आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंना बुरशीचा अहवाल चारच्या आत पाठवायचा होता.

"त्यात काय एवढं! मी बांधतो की," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

बांधलाही. एकही एरर आली नाही. साहेबांनी मावशींकडे तिरका कटाक्ष टाकून प्रोग्रॅम चालू केला. दुपारी निकाल आला, तो निव्वळ भुगा! ऐंशी हजार तुकडे. मावशींनी गेल्या खेपेला ते चारशेवर आणले होते.

अडीचला साहेब नाक मुठीत धरून उठले. "मावशी, तुमचं ते फोल्डर... माझ्या हातून गेलं."

"सकाळीच कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, हौस फिटू दे." मावशींनी चष्मा चढवला. "तुकडे जुळवताना डीएनएच्या एकतीस अक्षरांच्या पुढे बघायचंच नाही, असा बांधलाय तुम्ही. हा आकडा बांधतानाच वाढवायचा असतो हो. शिवून झालेला सदरा मागाहून ढगळ होतो का?"

त्यांनी आकडा एकशेएक केला, पुन्हा बांधला. पावणेचारला बुरशी जुळली, तुकडे पुन्हा चारशेवर आले. अहवाल गेला.

"मावशी, वाचवलंत!" बाई दारातूनच ओरडल्या. शेवटी साहेबांना राहवेना.

"मावशी, खरं सांगा. इथला तज्ज्ञ मी, मग सगळे तुमच्याकडेच का येतात?"

मावशी पर्स उचलत म्हणाल्या, "त्यांना वेळेवर घरी जायचं असतं."