रविवारची काळी खिडकी

यंदा मार्चमध्ये एका रविवारी दुपारी मुलीने माझ्या संगणकाचा बॅकअप आपोआप होईल अशी सोय केली.

त्याआधी ते काम ती दर रविवारी पुण्याहून स्वतः करायची. मी सौंसरला एकटा राहतो. बातमीदारीच्या वर्षांतले फोटो आणि मजकूर माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहेत: पांढुर्ण्याची संत्रा मंडी, रामाकोन्याच्या सभा, जामसांवलीच्या देवळातली गर्दी. ती ठरलेल्या वेळी इंटरनेटवरून आत यायची. मी पडद्यावर टर्मिनलची, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहून द्यायची, काळी खिडकी उघडून ठेवायचो. ती खिडकी दोघांची असे. तिने तिकडे दाबलेलं अक्षर इकडे उमटे, माझं तिकडे.

फाइली जायला वेळ लागे. तोवर आम्ही दुसऱ्या तशाच खिडकीत बोलायचो. ओळीच्या सुरुवातीला # टाकलं की संगणक ती ओळ आज्ञा म्हणून घेत नाही, सोडून देतो. त्या खिडकीत मराठी अक्षरं तुटतात, म्हणून मराठी इंग्रजी लिपीत लिहायचो; इथे ते देवनागरीत दिलं आहे. फोनवर आमचं बोलणं तब्येत आणि हवामानापुढे जात नसे.

# बाबा, जेवले का?

# जेवून राहिलो.

# एका हातानं टाइप करून राहिले?

# दुसऱ्या हातात भाकर आहे.

एकदा मी # विसरलो आणि नुसतं ‘भाजी वांग्याची’ लिहिलं. अशी आज्ञा सापडत नाही, असं संगणकाने कळवलं. तिने लिहिलं:

# त्याले कायले सांगता, मले सांगा.

मार्चमधल्या त्या रविवारी ती बोलली कमी. दोन-तीन आज्ञा लिहिल्या, एकदा तपासून पाहिलं. मग:

# झालं. आता दर रविवारी आपोआप होईल. तुमाले बसून राहा लागत नाही. मोहगावले आत्याकडे जात जा.

मी लिहायला घेतलं: # पण रविवारी

तेवढंच लिहून पुसलं. सामायिक खिडकीत पुसणंही समोरच्याला दिसतं.

# काय पुसलं?

# चुकलं होतं.

# बरं. भाकर थंडी होऊन राहिली असंल. जेवा.

ती बाहेर पडल्याची ओळ खिडकीत आली.

पुढच्या रविवारी मी मोहगावला गेलो नाही. नेहमीच्या वेळी खिडकी उघडली. फाइलींची नावं एकामागून एक वर सरकत गेली आणि थांबली. काम नीट झालं होतं, त्रुटी एकही नव्हती. या संगणकावर आत्ता कोण कोण आहे, हे दाखवणारी एक छोटी आज्ञा असते. ती मी दिली.

एकच नाव आलं. माझं.