खेळातला डावखुरा

कशेळीच्या मैदानावरून मारलेला चेंडू खाडीत पडत नाही. मधे गोडाऊनांची रांग आहे. चेंडू फार तर एखाद्या गोडाऊनच्या पत्र्यावर आदळतो, धाडकन आवाज होतो, आणि आतले हमाल बाहेर येऊन शिव्या देतात. पण माइकवर मितेश असला की चेंडू खाडीतच पडायचा. "गेला, गेला, गेला... खाडीत गेला, मासे पकडायला गेला, आता होडी पाठवा!" लोक हसायचे, शिट्ट्या वाजायच्या, आणि ज्यानं तो फटका मारला त्याची छाती वीतभर फुगायची. चेंडू पत्र्यावर पडलाय हे त्यालाही दिसलेलं असायचं.

टेनिस बॉलवरच्या क्रिकेटच्या या स्पर्धांमध्ये मितेश सोळा-सतरा वर्षांचा असल्यापासून बोलत आला होता. वाढवून बोलण्यात काही खोटं असतं असं त्याला कधी वाटलंच नाही, आणि मैदानावर ते नव्हतंही. चेंडू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. त्याचे शब्द म्हणजे वरून टाकलेला गुलाल. गुलालाला कोणी खरा-खोटा म्हणत नाही.

पुढे त्यानं गेम बनवायला घेतला, आणि तिथं चेंडू कोणालाच दिसत नव्हता.

वडिलांनी, म्हणजे केसरीनाथ पाटलांनी, शेतावर गोडाऊन बांधून भाड्यानं दिलं होतं. त्याच्या पोटमाळ्यावर एक केबिन होती. तिथं दोन कॉम्प्युटर ठेवून मितेश आणि अनय बसू लागले. अनय कामतघरचा. वडील शाळेत क्लार्क, आई शिक्षिका. तो कमी बोलायचा आणि प्रोग्रॅम लिहायचा. क्रिकेट त्याला कळत नव्हतं, मैदानावर तो कधी आला नव्हता. गेमचं नाव 'आमचं मैदान'. कल्पना मितेशची होती आणि ती चांगली होती: आपल्या भागातल्या गावोगावच्या टीमा, आपली मैदानं, आपले खेळाडू, मोबाइलवर.

एवढ्यावर तो थांबला असता तर निभलं असतं. पण मितेश व्हिडिओ टाकू लागला. पहिल्यात म्हणाला, सगळी मैदानं जशीच्या तशी असणार. लोकांनी वाहवा केली. दुसऱ्यात म्हणाला, पाऊस पडला तर पीच ओलं होणार आणि आठवडाभर ओलंच राहणार. तिसऱ्यात म्हणाला, प्रेक्षकांना तुमचा मागचा सामना लक्षात राहणार, शून्यावर आउट झालात तर पुढच्या वेळी हुर्यो उडवणार.

"हे कोण करणार?" अनयनं विचारलं.

"होईल रे."

"तू बोलून मोकळा होतोस. बांधायला मी बसतो. आपल्याकडे एक तयार पुतळा आहे, विकत घेतलेला. तोच सगळ्या टीमांत खेळतोय. फक्त टी-शर्टचा रंग बदलतो."

"लोकांना कुठं म्हायती हाय?"

अनयनं हेडफोन लावले.

चौथ्या व्हिडिओसाठी मितेशला भूपेश आठवला.

टेमघरचा भूपेश म्हात्रे म्हणजे भिवंडी पट्ट्यातला एके काळचा सगळ्यात मोठा फलंदाज. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावराच म्हणायचे, नाव मागून. उजवा पाय पुढे टाकून तो क्षणभर थांबायचा, जणू चेंडू यायचाच आहे अजून, आणि मग उशिरा, फार उशिरा बॅट फिरायची. मितेशनं त्याच्यावर जितकी विशेषणं उधळली तितकी कोणावर उधळली नव्हती. मग एका सकाळी कशेळीच्या रस्त्यावर कंटेनरनं त्याच्या बाइकला घासलं. पायात सळी बसली, गुडघा पुरता वाकेना. आता तो एका गोडाऊनच्या गेटवर खुर्ची टाकून बसायचा आणि आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचा.

"दादा, तू गेममधे खेळणार," मितेश म्हणाला. "तुझ्यासारखा कोणी न्हाय, तूच. तुझी चाल, तुझं थांबणं, तुझा पुल. अंगावर खुणा चिकटवायच्या, तू बॅट फिरवायची, कॅमेरा सगळं उचलतो. मोठ्या कंपन्या असंच करतात."

भूपेश हसला. "लंगडत चालनारा डावरा घेशील गेममधे?"

"लंगडेपण काढून टाकता येतं."

हे वाक्य मितेशच्या तोंडून सहज गेलं. भूपेश मात्र हसायचा थांबला होता आणि स्वतःच्या पायाकडे बघत होता.

रविवारी मैदानावर भूपेश जुना टी-शर्ट घालून आला, बरोबर बायको दिपाली. खुणांसाठी मितेशनं काही आणलंच नव्हतं. शेवटी दिपालीच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट निघालं. चंदेरी टिकल्या होत्या. मनगटं, कोपरे, खांदे, गुडघे. पाठीवरच्या दिपालीनं लावल्या, हसत हसत. "हळदीला पन एवढं नटवलं नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. भूपेश लाजला होता. बॅट हातात घेतल्यावर तो लाजायचा थांबला.

त्यानं बॅट फिरवली. मितेश म्हणाला, परत. पुन्हा फिरवली. परत. मधेच भूपेश म्हणाला, "पाय ठणकतोय रे." मितेश म्हणाला, "शेवटचं, दादा." मग आणखी शेवटचं. त्या संध्याकाळी भूपेशचा गुडघा सुजून टम्म झाला, आणि दोन रात्री दिपाली तो शेकत बसली. पण तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. टिकल्या उन्हात चमकत होत्या, खाली मितेशचा आवाज होता: "डावरा परत येतोय."

त्या टिकल्यांचं पुढं काही होणार नव्हतं. तसलं काही वाचणारं यंत्र केबिनमध्ये नव्हतं, आणि ते आणून चालवायची अक्कल दोघांपैकी कोणाकडेही नव्हती. मितेशला हे व्हिडिओ काढतानाच माहीत होतं. पण माहीत असणं आणि जाणवणं यांत त्याच्यापुरतं बरंच अंतर होतं.

गेम बाहेर आला तो स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, अंतिम सामन्याआधी. मोठ्या एलईडी स्क्रीनवर दाखवायचा असं आयोजकांनी ठरवलं होतं. भूपेश पहिल्या रांगेत, पाय लांब करून, दिपालीनं इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून बसला होता. गोडाऊनवरचे चार जण त्यानं सोबत आणले होते.

मितेशनं माइक घेतला. टेमघरची टीम निवडली. स्क्रीनवर नाव आलं: भूपेश म्हात्रे. टाळ्या पडल्या. मग पॅव्हेलियनमधून तो पुतळा चालत आला, सगळे पुतळे चालतात तसा, खांदे उडवत. पिचवर पोचला, वळला आणि बॅट टेकवून उभा राहिला.

उजव्या हातानं.

टेमघरच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "अरं, डावरा उजवा झाला!" आणि हशा फुटला. मागच्या रांगांपर्यंत तो लाटेसारखा गेला.

तेव्हा भूपेशच उठला. खुर्चीच्या पाठीला धरून, सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "ऑपरेशन झालंय ना. डॉक्टरनं पायाबरोबर हात पन बदलला."

आता हशा त्याच्या बाजूनं झाला. त्यानं मितेशला वाचवलं होतं. आणि मितेश माइकवर काय म्हणाला? म्हणाला, "ही तर नुसती झलक आहे, मंडळी. पुढच्या अपडेटमध्ये दादाची खरी चाल, खरा पुल, सगळं येतंय." त्याला ते म्हणायचं नव्हतं. जीभ आपसूक चालली, विहिरीवरच्या सुटलेल्या रहाटासारखी.

पुढचे काही दिवस लोकांनी त्याला धुऊन काढलं. पाऊस कुठाय, प्रेक्षकांची आठवण कुठाय, थापाड्या, पैसे खाल्लेस. गेम फुकट होता, तरी. या शिव्यांचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्या अनोळखी तोंडांच्या होत्या. लागलं ते अनयचं बोलणं.

"तो माणूस डावखुरा आहे?" अनयनं विचारलं.

"सगळ्या भिवंडीला म्हायती हाय."

"मला नाही माहीत. मी कधी त्याला पाहिलंय? तू मला पावसाचं सांगितलंस, गर्दीचं सांगितलंस, खाडीवरचे बगळे उडायला हवेत म्हणालास. हे कधी सांगितलंस?"

मितेशनं माउस हातात घेतला आणि परत ठेवला.

"पुतळा उलटा करायचा असतो रे. आरशात दिसतो तसा. एका दुपारचं काम. तू इतकं काही बोललास की त्यातलं काहीच होण्यासारखं नव्हतं. आणि होण्यासारखं होतं तेवढं एक बोलला नाहीस."

गोडाऊनमध्ये खाली खोकी उतरवली जात होती. प्रत्येक खोक्याबरोबर पोटमाळ्याची जमीन थरथरायची. मितेश त्या थरथरीकडे लक्ष देत बसला. दुसऱ्या कशाकडे लक्ष द्यायची त्याची छाती नव्हती.

टेमघरला जायला त्यानं चार-पाच दिवस काढले. रोज कपडे करून निघायचा आणि नाक्यावरून परत यायचा. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी गेला.

दार उघडंच होतं. भूपेश पलंगाच्या कडेला बसला होता, दुखरा पाय स्टुलावर. त्याच्यासमोर लोखंडी कपाट, कपाटाच्या दाराला आरसा. मोबाइल त्यानं उलटा धरला होता. पडदा आरशाकडे, पाठ स्वतःकडे, आणि बोटं पुढून वळवून तो पडद्यावर चाचपत होता. नजर आरशात. आरशात एक छोटा फलंदाज डाव्या हातानं उभा होता. पाठीवरची अक्षरं उलटी, धावफलकावरचे आकडेही उलटे. चेंडू आला, भूपेशचं बोट चुकलं, दांडी उडाली. तो स्वतःशीच हसला आणि पुन्हा सुरू करायला गेला.

मितेशनं चप्पल काढायच्या निमित्तानं मान खाली घातली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खाली ठेवली.

"मित्या? ये, ये." भूपेशला बरं वाटलं होतं. "बघ, हितं डावरा हाय. दिपालीनं शोधलं. वेणी घालता घालता बोल्ली, अहो हितं बघा, हितं तुम्ही बरोबर हाव. जरा चुकतंय बोट. सवय होईल." मग त्यानं मोबाइल मांडीवर ठेवला. "पुढच्या टायमाला माझी चाल येनार ना? तू बोल्लेलास."

मितेशच्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं होतं. काम चालू आहे, दादा, थोडं थांब. माणूस त्यावर आणखी वर्षभर जगला असता.

"न्हाय," तो म्हणाला.

"न्हाय म्हंजे?"

"न्हाय येनार. आमच्याकडं ते जमतच न्हाय, दादा. कवाच जमत न्हवतं."

भूपेशनं त्याच्याकडे बघितलं. "मंग त्या टिकल्या?"

"नुसत्या टिकल्या होत्या."

स्वयंपाकघराच्या दारात दिपाली चहाचे कप घेऊन उभी होती. ती पुढे आली नाही. "मी लावल्या पाठीवर," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही.

भूपेशनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग विचारलं, "मंग परत परत कशाला फिरवायला लावलीस? मी बोल्लो ना तवा, पाय ठणकतोय."

याला खोटं उत्तर मितेशला सुचलंच नाही. "ऊन जात होतं," तो म्हणाला. "ढग आलेला. टिकल्या चमकत न्हवत्या."

भूपेशनं मोबाइल सरळ केला. पडद्यावर पुतळा उजव्या हातानं, बॅट टेकवून, पुढच्या चेंडूची वाट बघत उभा होता.

"मंग यो कोन हाय?"

"कोनी न्हाय. विकत भेटतो. नाव फक्त तुझं."

"चहा पी," भूपेश म्हणाला. दिपालीनं कप दिला. चहा भाजत होता, तरी मितेशनं तो घोटाघोटानं लगेच संपवला, कारण तिथं बसून राहायचा दुसरा काही हक्क त्याच्याकडे उरला नव्हता. निघताना कोणी "ये परत" म्हणालं नाही. आगरी घरातून असं निघताना पायरी उतरणं अवघड जातं.

त्याच आठवड्यात अनयनं पुतळा उलटा केला. खरंच एकच दुपार लागली. भूपेश म्हात्रे नावाचा फलंदाज आता डाव्या हातानं उभा राहू लागला. व्हिडिओ टाकायचा का, अनयनं विचारलं. मितेशनं नको म्हटलं. पण एवढं तरी भूपेशला कळावं असं त्याच्या मनात होतं, आणि त्या मनाचीही त्याला थोडी लाज वाटत होती. कामतघरच्या बाजारात दिपाली भाजी घेताना दिसली तेव्हा तो थांबला.

"वहिनी, दादाला सांगा, आता डावरा केलाय. आरसा नको लागनार."

दिपालीनं मेथीची जुडी पिशवीत घातली. "त्यांनी काढून टाकला तो गेम, भावजी. तुम्ही गेलात ना, त्याच दिवशी." मग पैसे देता देता, "तुम्हाला तवा न्हाय बोलायला काय झालं होतं?"

रागावून नव्हती बोलली. तिला खरंच समजत नव्हतं. मितेशलाही समजत नव्हतं.

हिवाळ्यात स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. आयोजकांना दुसरा कोणी मिळाला नाही म्हणून माइक मितेशच्याच हातात आला. भूपेश मैदानाच्या पलीकडच्या कडेला खुर्ची टाकून बसला होता. त्यानं या बाजूला बघितलं नाही.

"एक धाव," मितेश म्हणाला. पुढच्या चेंडूला म्हणाला, "निर्धाव."

"काय रं, मयतीला आलास का?" प्रितेश नावाचा आयोजक खालून ओरडला. "जरा मसाला टाक की."

मितेशनं मान हलवली. पुढचा चेंडू फलंदाजानं मनापासून उचलला. तो उंच गेला, खाडीच्या दिशेनं, खूप उंच, आणि सगळ्यांनी सवयीनं माइककडे बघितलं. भूपेशनंही बघितलं की नाही, ते मितेशला इतक्या लांबून कळलं नाही. धाडकन आवाज झाला.

"पत्र्यावर," मितेश म्हणाला.