बुडखे बाहेरची कुपाटी

सत्त्याण्णव साली गोरेगावहून जीप निघाली तेव्हा मागं आम्ही नवरा-बायको, दोन शेळ्या आणि टिनाचे चार पत्रे होतो. भावांत वाटण्या होऊन माझ्याकडं वावराची नुसती कड आली होती. ती थोरल्याला सोडून मी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली, मामानं दिलेल्या दहा गुंठ्यांवर बिऱ्हाड हलवत होतो. गावातले काही पुण्याला गेले. मी तालुका ओलांडला, पण तोरा तेवढाच. तात्या, म्हणजे माझे वडील, जीपच्या दांडीला धरून म्हणाले, "दहा गुंठ्यांत शेळी आडवी झाली तर शेपूट लोकाच्या वावरात जाईल. आधी कुपाटी घाल."

शेळीचं शेपूट केवढं असतं, हे मी त्यांना जीपभोवती जमलेल्या लोकांदेखत समजावलं.

शेळ्या वत्सलाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरच्या. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, एक जरी शेळी गेली तरी मी परत गोरेगाव गाठणार. मी शेळ्यांना पत्र्याचा कोठा केला, आम्हाला तुराट्यांची खोप. पत्रा तापला तशा शेळ्या खोपीत शिरल्या आणि आम्ही लिंबाखाली आलो.

मग कुपाटी, म्हणजे काट्यांचं कुंपण. बाभळीच्या फांद्यांचे फास रचताना बुडखे आत, काटेरी शेंडे बाहेर, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी विचार केला, शेळ्या आत आहेत, म्हणजे काटे आत हवेत. शिवाय नव्या गावात येणाऱ्याला ओरबाडायचं कशाला? शेंडे आत, बुडखे बाहेर.

आठ दिवसांत खिंडारं पडली. मी वाऱ्याला दोष दिला, मग रानडुकरांना. नवव्या दिवशी एक शेळी नाहीशी झाली. वत्सला लुगडी गोळा करून गाठोडं बांधायला बसली.

कालव्याच्या कडेनं शोधत मी तांड्यावर पोचलो. सोनाबाई नावाच्या म्हातारीच्या दारात शेळी बांधलेली होती आणि शेजारी माझी कुपाटी नीट रचून ठेवलेली.

"काहून पाव्हण्या, बुडखे भाइर ठिवलेस तू. धरलं की निघून येतंय. आमाला वाटलं, नवा माणूस हाय, जळतन वाटून राहिला." मग शेळीकडं बघून, "ही हरभऱ्यात घावली. ही बी वाटून राहिला का?"

दुपारी ती दोन सुनांना घेऊन आली. चुलीतून वाचलेले फास त्यांच्या डोक्यावर होते. सगळी कुपाटी त्यांनी उलटी रचली. मी पाणी दिलं. गाठोडं दिसलं तसं सोनाबाईनं विचारलं, कुठं निघालीस बाई?

"कुठं न्हाई," वत्सला म्हणाली. "धुणं काढलं व्हतं."

आता काट्यांच्या जागी तारेची जाळी आहे, शेळ्या अकरा. गुंठे दहाच.

परवा तात्यांच्या आजारपणात आम्ही गोरेगावला आठ दिवस राहिलो. ते उठून बसले तशी वत्सला माझ्या आईला सहज बोलून गेली, "आता घरला जाते, शेळी व्यायला झालीय." 'घरला' म्हणाली आणि तिची तीच थबकली. आई भाकरी बांधून द्यायला उठली.